खंडेनवमीला पुसलेला लॅपटॉप

आमच्या वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला उमापूरला चालत जावं लागे आणि मुलींना तेवढ्या लांब पाठवत नसत, म्हणून माझी शाळा चौथीला संपली. त्या शाळेतली एक गोष्ट माझ्या हाताला कायमची लागून राहिली. रोज घरी आल्यावर पाटी धुवायची. ओल्या फडक्यानं पुसायची, उन्हात उभी करायची, की दुसऱ्या दिवशी नवी. दसऱ्याला तर पाटी घासून काळीभोर करायची, तिच्यावर सरस्वती काढायची आणि मग पूजा. न धुतलेल्या पाटीवर सरस्वती बसत नाही असं आमचे मास्तर सांगायचे.

हे आधी लिहिलं, कारण पुढं मी जे केलं ते त्यातूनच आलं असं मला वाटतं.

लग्न होऊन मी वडवणीला आले. पुढं किराणा दुकान, मागं घर. भिंतीला लावलेल्या पोत्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात जायचं. मला चार लोकांत बोलता येत नाही. दुकानात कोणी आलं आणि हे जागेवर नसले तर मी सासूबाईंना हाक मारायची, पण स्वतः पुढं व्हायची नाही. मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं की हेच जायचे, नाहीतर कोणीच जायचं नाही.

मुलगी आठवीत होती तेव्हा शाळेत लॅपटॉप आले. गावात मोबाईल घरोघरी झाले होते, पण लॅपटॉप आमच्या गल्लीत कोणी पाहिला नव्हता. कुठल्याशा योजनेतून शाळेला ते मिळाले होते आणि आठवीतल्या काही मुलामुलींना एकेक मिळणार होता. तो घरी न्यायचा, त्यावर अभ्यास करायचा, दहावी होईपर्यंत आपल्याकडं ठेवायचा. यादी मार्कांवरून लागली आणि त्यात आमच्या मुलीचं नाव होतं. एका कागदावर वडिलांची सही हवी होती. कागदात लिहिलं होतं की मुलाच्या निष्काळजीपणानं यंत्र बिघडलं तर ते काढून घेऊन यादीतल्या पुढच्या मुलाला देण्यात येईल.

यांनी कागद वाचला आणि गल्ल्यावर ठेवून दिला. म्हणाले, इथं पोती पडतात, मिरचीची पूड उडते, काचेची वस्तू कशी टिकणार. मुलीनं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं एकदा पाहिलं. मी पदर सारखा केला आणि आत गेले. सही झाली ती दोन दिवसांनी, समोरच्या दुकानदाराच्या मुलानं लॅपटॉप घरी आणला तेव्हा. यांनी पेन मागितलं, सही केली आणि मुलीला म्हणाले, "बिघडला तर शाळेचं दुसरं कसलंच यंत्र ह्या घरात येणार न्हाई. ध्यानात ठेव."

लॅपटॉप लहान होता, काळा, आमच्या हिशेबाच्या वहीएवढा. मुलगी त्याला जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवायची. लाईट कधी येणार आणि कधी जाणार ते तिला पाठ झालं होतं. लाईट आली की हातातलं काम टाकून ती चार्जिंगला लावायची. तिनं त्यावर वडवणीच्या बाजाराबद्दल लिहायला घेतलं होतं. कोण कुठून येतं, काय विकतं, कोणत्या गाडीनं परत जातं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते सगळ्या वर्गाला दाखवायचं होतं. लिहिलेलं ती मला वाचून दाखवायची. मध्येच म्हणायची, "आई, तू एक अक्षर दाब की." मी म्हणायची, माझे हात कणकेचे आहेत. कधी कणकेचे, कधी हळदीचे, कधी राखेचे. मी एकदाही हात लावला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं दुकान बंद असतं. त्या दिवशी हत्यारांची पूजा. दुकानदाराची हत्यारं म्हणजे तराजू, वजनं, मापं, अडकित्ता, पोती शिवायचा दाभण. माझी शिलाई मशीनही त्यात धरायची. सगळं आधी धुवायचं. पितळी मापं चिंचेनं घासायची, मशीन ओल्या फडक्यानं पुसून तेल द्यायचं. मग पाटावर मांडून हळद-कुंकू, फूल आणि कपिलधारेच्या यात्रेतून आणलेल्या विभूतीचे तीन पट्टे. पूजा झाली की हत्यार उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मोडायची ती पूजा.

सकाळी मुलगी सासूबाईंबरोबर देवळात गेली होती. जाताना तिनं विचारलं होतं, "लॅपटॉप पण ठेवायचा ना गं पूजेत?" मी हो म्हटलं. मला बरं वाटलं होतं. माझी पाटी ठेवत होते तशी तिची पाटी.

मापं झाली, मशीन झाली. मग मी दुपट्टा सोडला. वरून पुसला, पण मिटलेला पुसणं म्हणजे कपड्यांवरून अंघोळ घातल्यासारखं वाटलं. म्हणून उघडला. आत अक्षरांच्या फटीत मिरचीची तांबडी धूळ बसली होती. मी फडकं भिजवलं, चांगलं पिळलं, त्याचं टोक वळून एकेका फटीतून फिरवलं. धूळ निघत होती तसं पुन्हा भिजवत होते. पाण्यानं विभूती उगाळून अक्षरांवर तीन बोटं ओढली. सुंदर दिसत होता. मग मिटून पाटावर ठेवला, त्यावर बेलाचं पान. पूजेला ठेवला म्हणून दीड दिवस त्याला कोणी हात लावला नाही. आत गेलेलं पाणी आतच राहिलं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मुलीनं तो उघडला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. वायर लावून पाहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, चालू होईना."

मला त्याच क्षणी कळलं. शिलाई मशीनला पाणी राहिलं तर ती गंजते, एवढं मलाही ठाऊक होतं. हे आत आले, विचारलं, कुठं आपटलास. ती म्हणाली, कुठं नाही. हे म्हणाले, "मग काय दसऱ्याला सीमोल्लंघनाला गेला का तो? पाटीच घे आता. आपटली तरी चालती." बराच वेळ बोलत होते. अभ्यासाच्या नावाखाली काय काय चालतं, समोरच्याचा कसा नीट चालतोय. मी पोळ्या लाटत होते. प्रत्येक पोळीला वाटत होतं, ही झाली की सांगते.

मुलगी लॅपटॉप शाळेत देऊन आली. चार-पाच दिवसांनी चिठ्ठी आली की पालकांनी येऊन भेटावं. यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, तुमच्याकडंच ठेवून घ्या म्हणावं, मला वेळ न्हाई. मुलगी बरं म्हणाली. त्या दिवसांत ती जेवायची, शाळेत जायची, कोणावर चिडायची नाही. बाजाराबद्दलचं पुन्हा वहीत लिहायला घेतलं होतं, पण दोन पानांवर थांबलं होतं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी होती. मी लुगडं बदललं आणि चपला घातल्या. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "कुठं निघालीस गं?"

"शाळेत."

"तू?" म्हणाल्या, आणि सूप खाली ठेवलं. पण अडवलं नाही.

शाळा घरापासून लांब नाही, तरी मला ती वाट फार लांब वाटली. ओळखीचं कोणी दिसलं की मी दुसऱ्या बाजूनं चालायची. ऑफिसच्या दाराशी उभी राहिले. आत हेडमास्तर आणि कॉम्प्युटर शिकवणारे तरुण सर बसले होते. आमचा लॅपटॉप टेबलावर होता. मी कोण ते शिपायानं विचारून आत सांगितलं. मग त्यांनी मुलीला वर्गातून बोलावून घेतलं. मला पाहून ती दारातच थांबली.

हेडमास्तरांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. ते म्हणाले, अहो, यात आता काही उरलं नाही, मुलीनं पहिल्याच दिवशी कबूल केलंय. त्यांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला. तिचं अक्षर. लॅपटॉप माझ्या हातून पडला, त्यामुळे बिघडला, असं लिहून खाली सही केली होती. नियमाप्रमाणे तो पुढच्या मुलाला द्यायचा, तेवढी वडिलांची सही हवी होती, असं ते म्हणाले.

मी कागद दोनदा वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण त्या दिवशी वेळ त्यासाठी लागला नाही.

"सर, तिच्या हातनं पडला न्हाई," मी म्हणाले. "मी धुतला."

कॉम्प्युटरच्या सरांनी विचारलं, धुतला म्हणजे? मी खाली बघून सगळं सांगितलं. खंडेनवमी, मिरचीची धूळ, फडक्याचं टोक, विभूती. माझा आवाज इतका बारीक होता की हेडमास्तर पुढं वाकून ऐकत होते. मी मान वर केली तेव्हा त्यांच्यामागं ऑफिसचा मोठा कॉम्प्युटर दिसला. त्याच्या माथ्यावर कुंकवाचा टिळा होता आणि झेंडूची सुकलेली माळ अजून लटकत होती.

हेडमास्तरांनीही मागं वळून पाहिलं. मग सरांना म्हणाले, "आपल्या शिपायानं हा धुवायला तांब्या घेतलाच होता. क्लार्कनं हात धरला म्हणून हा वाचला."

सर हसले. मला हसू आलं नाही. हेडमास्तर लगेच गंभीर झाले आणि मुलीकडं वळून म्हणाले की खोटं लिहून देणं हीही चूक आहे. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, आता तुम्ही सांगितलंत ते लिहून द्या, म्हणजे मला वर विचारता येईल. मी म्हणाले, मला येत नाही, मी चौथीच शिकलेय. चौथी झालीय ना, ते म्हणाले, मग येतं.

लग्नानंतर मी सामानाच्या यादीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. पेन घेतलं, पण पहिला शब्द कुठून सुरू करावा ते कळेना. मुलगी पुढं झाली, मी सांगते तू लिही म्हणाली. हेडमास्तरांनी हातानं तिला थांबवलं. मी लिहिलं, खंडेनवमीला मी हे यंत्र ओल्या फडक्याने पुसले. मुलगी घरी नव्हती. तिची चूक नाही, माझी आहे. खाली नाव लिहिलं. एवढ्याला किती वेळ गेला कोण जाणे, पण तिघंही थांबली होती.

निकाल त्यांनी त्या दिवशी दिला नाही. विचारून सांगतो म्हणाले.

मधली सुट्टी झाली होती, म्हणून मुलगी फाटकापर्यंत माझ्याबरोबर आली. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"उघडला तवाच. फटीत विभूती वाळली होती. मी सुईनं काढून टाकली."

"मग बोलली का न्हाईस?"

ती म्हणाली, "सगळ्यांसमोर तुला विचारलं असतं त्यांनी. तू काय केलं असतंस?"

तुला भूक लागली असेल असं काहीतरी म्हणाले आणि निघाले.

दुकान बंद करून हे आत आल्यावर त्यांनाही मीच सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "मी पोरीला एवढं बोललो, अन् तू पोळ्या लाटत बसलीस?" आणखी काही बोलले नाहीत. जास्त बोलले असते तर ते वाक्य मी विसरले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीसाठी बाजारातून पेढे आणले आणि तिच्या दप्तराशेजारी ठेवून दिले. कशाचे ते सांगितलं नाही.

कॉम्प्युटरच्या सरांनी लॅपटॉप सुट्टीत बीडला नेऊन खोलून घेतला. आतून सुकवला, साफ केला. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा हेडमास्तरांनी तो मुलीच्याच हातात दिला. तिचं लिहिलेलं आत शाबूत होतं. दोन-तीन अक्षरं तेवढी जोरात दाबावी लागायची. माझा कागद आणि तिचा कागद एकत्र टाचून शाळेच्या फायलीत ठेवलेत असं ती म्हणाली. मला वाटलं होतं फाडून टाकतील. माझं अक्षर एखाद्या ऑफिसात ठेवण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर मी मुलीच्या उरलेल्या वह्यांतली कोरी पानं वेगळी काढून ठेवायला लागले. हेही त्यातल्याच पानावर लिहिते आहे.

वर्गाला दाखवायच्या आदल्या दिवशी तिनं बाजाराचं सगळं मला वाचून दाखवलं. शेवटी कोणी लिहिलं ते टाकायचं राहिलं होतं. तिनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "माझं नाव तू लिही." मी हात पदराला पुसले. कोरडेच होते, तरी पुन्हा पुसले, बोटांच्या मधेसुद्धा. मग तिला विचारलं, पहिलं अक्षर कुठं आहे ते दाखव.