पाइनच्या भुशात कांद्याचं रोप

पुनावळ्याहून चाकणला जायचं म्हटलं की लोक हसतात, हाही काय प्रवास झाला म्हणतात. त्यांनी एकदा माझ्यासारखं डांगे चौकापर्यंत रिक्षा, तिथून भोसरीची बस, भोसरीहून चाकणची बस असं करत, मांडीवर गच्च भरलेली पिशवी सांभाळत जाऊन दाखवावं. मी निघाले होते माहेरी, पण हौसेनं नव्हे. आदल्या दिवशी माझ्या भावजयीचा, सुरेखाचा, फोन आला होता. "आक्का, रोप पिवळं पडलंय. तुमच्या भावाला काय बोलायचं ते तुमीच येऊन बोला. मी न्हाई बोलत त्यांच्याशी."

रोप होतं गरव्या कांद्याचं (थंडीत लावायचा, उन्हाळ्यात काढायचा, टिकाऊ कांदा). बी घरचं. आमची आई दरवर्षी चांगले कांदे निवडून पुन्हा लावायची आणि त्यांच्या गोंड्यांतून (फुलांचे गोल झुबके) बी धरायची. आई गेल्यावर सुरेखानं ते चालू ठेवलं. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, डब्यात जपून काही उपयोग नसतो, म्हणून यंदाचं सगळं बी वाफ्यात पडलं होतं. हे रोप गेलं की आईचा कांदा संपला. बाजारात बी मिळतं, पण तो आमचा कांदा नव्हे, आणि याच विचारानं रात्रभर माझा डोळा लागला नव्हता.

मोशीला इंद्रायणीचा पूल येईपर्यंत ऊन चढलं. कंटेनरच्या रांगेत आमची बस अशी अडकली की शेजारच्या बाईंनी पिशवीतले सगळे मटार सोलून संपवले. "कुठं निघालात?" त्यांनी विचारलं. माहेरी म्हटल्यावर म्हणाल्या, "मग निवांत बसा. उशीर झाला म्हणून कोण बोलणारंय?"

चाकणच्या चौकात माझा धाकटा भाऊ बाळू मोटारसायकल घेऊन उभा होता. रात्रपाळी करून तसाच आलेला, अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे तांबारलेले.

"आक्का, घरी जायच्या आधी भुशाची दोन पोती घ्यायचीत."

"कशाला?"

"पहिला कमी पडला असंल."

तेव्हा कुठं सगळं प्रकरण बाहेर आलं. बाळूनं मोबाइलवर थंड मुलखातल्या जंगलाचा व्हिडिओ पाहिला होता. तिथं कोणी नांगरत नाही, खत टाकत नाही, तरी माती काळीभोर, कारण झाडांचा पाला आणि लाकूड तिथंच कुजतं. आता त्याच मुलखातल्या पाइनच्या खोक्यांतून चाकणला मशिनी येतात, आणि खोकी फोडून फळ्या करणाऱ्या वखारीत भुसा पडून असतो. आमच्या बाळूसाहेबांनी तो पोत्यानं आणला आणि रोपाच्या वाफ्यात कुदळीनं मिसळला.

"जंगलच घरी आणलं म्हण की," तो म्हणाला.

"अक्कल कुठं गहाण टाकली होतीस रे?" मी म्हटलं.

वखार हमरस्त्याला लागूनच होती. आत पाऊल टाकलं तसा राळेचा गोडसर वास आला. त्या वासापुरतं मला बाळूला माफ करावंसं वाटलं. वखार चालवणारं जोडपं कुमाऊंच्या डोंगरातलं. नवरा माल पोचवायला गेला होता आणि हेमा नावाची त्याची बायको फळ्या रचून घेत होती. बाळूनं ऐटीत आपला प्रयोग सांगितला. तिचा हात थांबला.

"सीधा मिट्टी में मिला दिया? कच्चा?"

"मग? जंगलात कोण शिजवून घालतं?" बाळू म्हणाला.

ती इतकी हसली की तिला फळ्यांवर बसावं लागलं. मग तिनं समजावलं ते असं. त्यांच्याकडं बर्फ पडतं, थंडीत काही लवकर कुजत नाही. पाला थरावर थर पडून राहतो, बुरशी त्याला सावकाश खाते, आणि तो मातीत खणून घालायला कोणी जात नाही. बांजच्या (डोंगरातला ओक) जंगलात पाणी मुरतं, ते झऱ्यांनी खालच्या शेतांना मिळतं. आणि बायका जो पाला, जे पिरूल (तिकडच्या पाइनची सुईसारखी वाळलेली पानं) डोक्यावरून आणतात, ते आधी गोठ्यात अंथरतात. गुरं त्यावर बसतात, शेण-मूत मुरतं, मग ढीग कुजवून शेतात.

"ऊपर जंगल, नीचे खेत, बीच में गाय," ती म्हणाली. "आपने तो गाय ही निकाल दी. अब मिट्टी लकड़ी खाने बैठी है, और पौधे का खाना भी वही खा रही है."

पुढं वाटेत कृषी केंद्रातल्या माणसानं हेच सांगितलं, फक्त 'नत्र' हा शब्द घालून. उपाय दोघांचाही एकच: गोमूत्र पाण्यात पातळ करून थोडं थोडं देत राहा. वखारीतून निघताना हेमा म्हणाली होती, "बचा कि नहीं, बताना दीदी."

बाळूनं तरीही एक पोतं घेतलंच, गोठ्यासाठी. ते माझ्या पाठीशी बांधलं आणि अर्ध्या वाटेत उसवलं. शेजारून जाणारा टेम्पोवाला ओरडून गेला, "भावा, मावशी सांडतेय!" घरी पोचले तेव्हा माझ्या केसांत, पदरात, ब्लाउजच्या पाठीत सगळीकडं पाइन होता.

सुरेखा वाफ्याच्या कडेला उभी होती. मी वाकून रोप बघितलं. कोवळ्या पाती टोकापासून पिवळ्या, काही आडव्याच झालेल्या.

"आक्का, त्यांना विचारा, गोमूत्र किती पाण्यात घालायचं."

तो चार हातांवर उभा होता. "आक्का, तिला सांग, भरपूर पाण्यात."

दिवसभर हेच चाललं. झारी त्याच्या हातात, बादली तिच्या, आणि बोलणं माझ्या तोंडून. जेवताना बाजरीची भाकरी आणि पिठलं होतं. एरवी मी पातीचा झुणका मागितला असता, त्या दिवशी हिंमत झाली नाही. निघताना सुरेखानं त्यातलीच थोडी रोपं मुळांच्या मातीसकट डब्यात घालून दिली. "इथलं गेलं तर तुमच्याकडं तरी ऱ्हावं," ती म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. मलाही रडू आलं.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले. खिडकीतून कंपन्यांची फाटकं सरकत होती, आणि आत खोकी भरून कुठलं कुठलं जंगल येऊन पडत होतं. ते इथवर येतं, पण शेतात जायची त्याची वाट मात्र गोठ्यातूनच जाते, एवढं मला त्या दिवशी पटलं. घरी गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादलीत रोपं लावली आणि रोज सकाळी चहाआधी त्यांचं तोंड बघायला लागले.

बऱ्याच दिवसांनी सुरेखाचा फोन आला. "आक्का, नवी पात हिरवी आलीय. निम्मं गेलं, पण निम्मं हाय. बी धरण्यापुरतं झालं."

"हेमाला कळवते. आणि बाळू कुठंय?"

"गोठ्यात. भुसा अंथरायला लावलाय त्यांना."

"तू लावलास? म्हणजे बोललीस त्याच्याशी?"

"आता गाईला मधी घेतलंय न्हवं, आक्का. तुमाला किती दिवस मधी ठेवायचं?"