सूर्य पाठीमागे होता

कबूल करून टाकते. कोकणात, समुद्राकडे तोंड करून, मी पहाटे दोन तास सूर्य उगवायची वाट पाहिली आहे. सूर्य आला तो माझ्या पाठीमागून, माडांवरून. आणि हो, तेव्हा मी अकोल्याच्या शाळेत भूगोल शिकवत होते. हसा.

सूर्य हवा होता आईसाठी. ती तेल्हाऱ्याला खुबा मोडून खाटेवर पडलेली. मी निघताना म्हणाली होती, "समुद्रातून सूर्य निघते म्हन्तेत. मले एक डाव दाखवजो वं." मी तोऱ्यात हो म्हटलं, आणि परतले राखाडी पाण्याचे फोटो घेऊन.

ते नेले अकोल्यातल्या स्टुडिओवाल्या चाचांकडे. कापसानं दगा दिलेली ती वर्षं. त्यांच्याकडे लोक यायचे ते बहुतेक पासपोर्ट फोटो नाहीतर लग्नाच्या गर्दीतला एखादा चेहरा घेऊन. मोठा करून द्या, हार घालायचा आहे. तुम्हीही अशी दुकानं पाहिली असतील. चाचा त्या पुसट डोळ्यांत कॉम्प्युटरवर थोडा थोडा उजेड आणत. घरचे "बस झालं" म्हणाले, तरी म्हणत, "ठैरो, अबी उजाला बाकी है."

मी म्हटलं, "चाचा, दुसऱ्या फोटोतला सूर्य काढून इथं लावून द्या. आईले काय समजते?"

"आपको समजेगा ना, टीचरबाई."

चाचांनी त्यातला एक फोटो पडद्यावर उघडला.

"पैले दर्या सीधा करता मैं. टेढ़ा है, पानी गिर जाएगा."

त्यांनी क्षितिज सरळ केलं. वरचं कोरं आभाळ छाटलं. फोटोवर चढलेली निळसर झाक उतरवली आणि अंधारलेल्या भागात केसाकेसानं उजेड वाढवत नेला. लाटेच्या कडेला आधी गुलाबी रेघ आली, मग सोनेरी. ओल्या वाळूत आभाळ उतरलं. मला दिसलीच नव्हती अशी एक होडी उन्हात पेटून उभी राहिली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि मी तेव्हा घड्याळ पाहत होते!

"चाचा, समुद्र पाहिला कधी तुम्ही?"

"नहीं. मोर्णा नदी देखी, बाढ़ में."

वाळूवर माझी लांबलचक सावली पडली होती, थेट पाण्यापर्यंत. "ही तेवढी काढा," मी म्हटलं.

चाचांनी माउसवरचा हात उचलून घेतला. "ये नहीं. सूरज था, इसका येही एक गवाह है."

त्या फोटोची एक प्रत त्यांनी दुकानात लावली. हाराचे फोटो घेऊन आलेली माणसं नंबर येईपर्यंत त्याच्याकडे पाहत बसत. आता चाचा नाहीत. तिथं मोबाइलचं दुकान आहे. जाता-येता मी उगाच आत डोकावते.

फोटो आईच्या हातात दिला, तेव्हा सूर्य कुठं होता हेही खरं सांगून टाकलं. तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. सावलीवरून सावकाश बोट फिरवलं, पायापासून पाण्यापर्यंत. मग म्हणाली,

"सूर्य त म्या जनमभर वावरात पायला वं. पन तू एवढी मोठी कवा झाली?"