साखळी पोचते तिथवर

कापूस वेचता वेचता चार बाया शिदोरी सोडून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या, की वेड्यांचे किस्से निघतातच. एकीचा संपत नाही तो दुसरीचा तयार! माझ्याकडे ढीगभर आहेत, पण सगळे एकाच माणसाचे. माझा दीर, किसन.

मी लग्न होऊन किन्हीराजाला आले तेव्हा किसन चांगला हसरा, कामाचा. मग हळूहळू हवेशी बोलायला लागला. कधी रडायचा, कधी ओरडायचा. हात मात्र कोणावर उचलला नाही. पण गावचा पंच नामदेव म्हणाला, "आज बोलून राह्यला, उद्या कुऱ्हाड घेईन. बांधा त्याले!"

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, बैलाची साखळी पोराच्या पायात घालून कुलूप लावलं. कोठ्यात बैलांशेजारी खांबाला बांधला.

*

नामदेवाची कडब्याची गंजी जळाली. भरदुपारी माणसं काठ्या घेऊन आमच्या दारात! "येड्यानंच लावली!"

सासूबाईंनी कोठ्याचं दार उघडून दाखवलं. किसन खांबाशी, पाय साखळीत.

नामदेवानं साखळीवर काठी रोखली. मग म्हणतो कसा, "साखळी लय लांब हाय!"

आणि ऐका, त्याच दिवशी साखळी आखूड केली!

*

मग मेडशीहून देवऋषी आणला. चिंचेचा ओला फोक घेऊन तो सुरू झाला.

"बोल, कोन हायेस तू?"

"किसन."

फोक. "खरं बोल!"

"किसन."

फोक मोडला, देवऋषी घामाघूम झाला. किसन त्याला म्हणाला, "बसा महाराज. हात दुखला असन."

बाहेर येऊन देवऋषी आम्हाला सांगतो, "लय मारकुटं भूत हाय. जपून राहा!"

*

पोळा आला. त्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही, मारायचं नाही. दावी सोडली, शिंगं रंगवली. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आज बैल सोडले. भाऊजीले काहून नाई सोडत?"

"बैल बिचारा काय करते वं? हा येडा हाय. मारन कोनाले!"

आदल्या वर्षी त्याच बैलानं मामाजींची बरगडी मोडली होती. मामाजी अजून वाकडे चालत होते. वाकडे चालतच जाऊन त्यांनी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं!

*

नामदेवाची बायको रुक्मा. नदीवर धुणं धुताना तिच्या पाठीवरचे वळ आम्हा सगळ्यांना दिसायचे. गाव म्हणे, "घरची गोष्ट हाय."

एका दुपारी नामदेव कुऱ्हाड घेऊन तिच्या मागे धावला. तिच्या कडेवर लेकरू. गल्लीतली दारं धडाधड लागली. ती थेट आमच्या कोठ्यात शिरली आणि किसनच्या मागे भिंतीला टेकून बसली.

नामदेव आला तो दारातच थबकला. किसनच्या साखळीतल्या फेऱ्यांनी जमीन जिथवर गुळगुळीत झाली होती, त्याच्या आत पाऊल टाकायची त्याची छाती होईना.

"रुक्मे, भायेर ये! येडा हाय तो, जीव घेईन तुहा!"

कुऱ्हाड हातात तशीच!

रुक्मा हलली नाही. किसननं आपली भाकर मोडून लेकराच्या हातात दिली. नामदेव बराच वेळ शिव्या देत उभा राहिला, मग गेला. अंधार पडल्यावर रुक्माही लेकरू घेऊन घरी गेली.

मामाजींनी सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी घेऊन कोठ्यात गेले, किसनच्या पायाशी बसले. कुलुपात चावी घातली.

"चाल लेका. सोडतो तुले."

किसननं पाय मागे ओढून घेतला.

"राहू द्या, बाबा. रुक्मा पुन्हा आली तं?"