सशांचा ताप

आमच्या मोठ्या साहेबांची आठवण निघाली की अजूनही माझं डोकं फिरतं. पिंपरीकडच्या एका औषध कारखान्यात मी संशोधन विभागाचा प्रमुख होतो आणि ते सगळ्या कारखान्याचे. जंतूंवरचं एक नवं इंजेक्शन माझ्या विभागानं वर्षानुवर्षं खपून तयार केलं होतं. त्याची पहिली मोठी बॅच निघाली. माल बाहेर जायचा तर त्यावर माझी सही लागायची.

सहीआधी सशांची परीक्षा. सशाच्या कानाच्या शिरेत औषध टोचायचं आणि ताप मोजत बसायचं. ताप चढला तर माल बाद. आमच्या सशांना चढला. कारण उघड होतं. साहेबांच्या घाईपायी सुट्टीभर टाकीत साठलेलं पाणी वापरलं होतं. असलं पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण त्यांचा अंश उरतो आणि तोच ताप आणतो.

साहेब म्हणाले, "अहो, उन्हाळा आहे. ससे उकाड्यानं तापलेत. लोणावळ्याला न्या, थंड हवेत परत टोचा."

सशांना हवापालट. टोचल्यावर ताप किती वाढला हे बघायचं असतं, बाहेर हवा कशी आहे हे नव्हे, आणि हे त्या शहाण्याला मी सांगायचं. पण हुकूम म्हणजे हुकूम. लोणावळ्याजवळ वलवणला त्यांचा बंगला होता, तिथल्या व्हरांड्यात पिंजरे मांडले. ससे मजेत गवत खात बसले. टोचल्यावर पुन्हा ताप चढला.

"थोडासाच तर आहे," साहेब म्हणाले. "आणि हे औषध टोचायचं पहिलं शिबिर मी तुमच्याच कुरवंड्याला ठेवलंय. डोंगरातली माणसं काटक. जराशी कणकण आली तर काय मरत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुरवंड्यात माझी आई होती. तिच्या पायाची जखम पावसाळ्यापासून चिघळत होती आणि लेकाची दवा येणार म्हणून ती गावभर सांगत सुटली होती. मी सही केली नाही. उभं राहून सगळी बॅच गटारात ओतायला लावली. साहेब म्हणाले, "खुर्ची जाईल तुमची." मी म्हटलं, "खुशाल न्या. सही मिळायची नाही."

शिबिर मोडल्याचं सांगायला मीच गावी गेलो. वाड्यावस्त्यांवरून माणसं भाकऱ्या बांधून आली होती. ती भाकऱ्या तशाच उचलून माघारी गेली. घरी आईनं पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही.

"सशांना ताप आला म्हून दवा वतलीस?"

"व्हय."

"सशांना ताप आला तर तुजा येवढा कारखाना थांबला. हितं माणसं तापानं मरत्यात, तवा कोन थांबतं रं?"

परत पिंपरीला पोचेपर्यंत मी दात-ओठ खात होतो.

खुर्ची काही गेली नाही, कारण ते औषध दुसऱ्या कुणाला बनवता येत नव्हतं. ताज्या पाण्यात नवी बॅच काढली. सशांचा पारा जागचा हलला नाही. साहेब खुशीत आले. "उत्तम. हा सगळा मुंबईच्या हॉस्पिटलांना जाऊ द्या. इतका चांगला माल डोंगरात कशाला?"

म्हणजे बिघडला तेव्हा कुरवंड्याचा, आणि चांगला निघाला की मुंबईचा. मी पेन खिशात घातलं.

"पहिल्या पेट्या कुरवंड्याला. तेवढ्यापुरती सही आत्ता करतो. बाकीच्या मालावर शिबिर झाल्यावर."

साहेब लालबुंद झाले, टेबलावर हात आपटला, वरपर्यंत तक्रार करीन म्हणाले. मी म्हटलं, करा. मुंबईचा ट्रक फाटकात उभा होता. शेवटी झक मारत त्यांनी जीप दिली.

शिबिरात आई लंगडत सगळ्यात आधी आली. डॉक्टरांपुढं बसून तिनं दंड उघडा केला, पण सुई टोचू देण्याआधी माझ्याकडं वळून विचारलं,

"ससं बरं हायती ना आता?"