सगळ्यात लांब उत्तर

लातूरला अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायचो. एकाला चार पर्याय असे प्रश्न काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मला वाटायचं. म्हणूनच नांदेडच्या एका डॉक्टर मित्रानं मधुमेहाच्या पेशंटसाठी मोबाईलवरचे धडे तयार करायला मला सांगितलं. पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि शेवटी प्रश्न. पहिला प्रयोग मी लातूरजवळच्या मुरुडच्या आत्यावर आणि तिच्या तीन शेजारणींवर केला. चौघींनाही शुगर होती.

महिनाभर चौघींना पैकीच्या पैकी मार्क. मी डॉक्टरांना ऐटीत कळवलं.

एका रविवारी न सांगता मुरुडला गेलो. त्र्याण्णव सालच्या भूकंपात ढिगाऱ्यातून निघालेली पत्र्याची पेटी उघडी टाकून आत्या बसली होती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पेढा. व्हिडिओ न बघताच ती उत्तरं देत होती. मी विचारलं तेव्हा अजिबात न लाजता म्हणाली, "सगळ्यात लांब असतंय तेच उत्तर बरोबर असतंय तुझं. शेजारणींनाबी सांगितलंय मी."

क्लासमधल्या पोरांना हीच युक्ती मी मोठ्या तोऱ्यात शिकवत असे. पेढ्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "उत्तर बरोबर हाय का न्हाई? मी खाते काय, ते तू इचारलंच न्हाई."

मग मी तेच विचारत बसलो. सुनेला चुकवून पेढे कुठून आणते, पेटीत साड्यांखाली कसे ठेवते, तपासणीच्या आदल्या दिवशी कशी साळसूद होते, सगळं तिनं रंगवून सांगितलं. ते रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर नवी साडी नेसून आली.

असलं दाखवावं का, म्हणून डॉक्टर कचरले. मग स्वतःच हसत सुटले. धडे पेशंटपर्यंत गेले, तेव्हा आत्याचाच व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिला गेला. लोक आपापल्या चोऱ्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवू लागले. बिलोलीच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी कबूल केलं, की सकाळचं फिरणं जिलेबीच्या गाड्यापर्यंतच असतं. प्रश्न आम्ही काढून टाकले. त्याऐवजी डॉक्टर या कबुल्यांना उत्तरं देऊ लागले.

आत्याची शुगर हळूहळू उतरली. आता रविवारी अर्धा पेढा, असं तिनंच ठरवलं आणि मला फोनवर कळवलं. परवानगी मागितली नव्हती.