साहेबांचा पगार आणि नानांची भीड

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, ‘नाही’ म्हणता येत नसे. दारावरचा अगरबत्तीवाला असो की वर्गणी मागणारी पोरं, सगळ्यांना हो. एका लग्नात वाढप्यानं आग्रहानं पानात टाकलेली जिलबी त्यांनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्ली आणि वर त्याला म्हणाले, “छान झालीय हं.” मी चिडायची. “नाना, भीड भिकेची बहीण!” ते हसत. “अगं, समोरच्याचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही.”

औंधला हेडमास्तर होते, तेव्हा पेपर तपासताना मात्र हा माणूस कुणाचा नसे. गावच्या पुढाऱ्याचा पोरगा त्यांनी बिनदिक्कत नापास केला होता. कारण सोपं होतं, तेव्हा पोरगा समोर नसायचा. तोच बापाला घेऊन घरी आला असता, तर नानांनी त्याला वरच्या वर्गात घातला असता आणि वर चहाही पाजला असता.

निवृत्तीनंतर नाना आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला राहायला आले. त्यांचा एक विद्यार्थी तोवर साताऱ्याजवळच्या मोठ्या इंजिन कारखान्याचा मॅनेजिंग डायरेक्टर झाला होता. सगळे त्याला साहेबच म्हणत. कंपनीची मुख्य कचेरी सांगलीतच होती. साहेब कंदी पेढे घेऊन घरी आले, नानांच्या पाया पडले आणि म्हणाले, “सर, आमच्या बोर्डावर तुमच्यासारखा स्वच्छ माणूस हवा.” नाना काय म्हणाले, ते सांगायला नकोच.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांना किती पगार घेता येईल, यावर आधी सरकारचा चांगलाच वचक असे. आता तो लगाम सैल झाला होता. तेव्हा साहेबांनी आपला पगार आपणच ठरवला असं कुणी म्हणू नये, म्हणून बाहेरच्या तीन संचालकांची समिती झाली. अध्यक्ष कोण? नाना! मी म्हटलं, “वा! साहेबांनी आपला पगार नाही ठरवला, तो ठरवणारी माणसं ठरवली.” नानांना ते लागलं. म्हणाले, “मी विचारणार आहे, सूनबाई. मंदी आहे म्हणून कामगारांची वाढ थांबवलीय, मग यांची का नाही? एवढं तर विचारीनच.” सकाळी आंघोळ करतानाही तो प्रश्न घोकत होते.

समितीत ज्याच्या पगाराचा विषय निघेल, त्यानं खोलीबाहेर जायचं, असा रिवाज होता. साहेब उठले. पण जाण्याआधी वाकून सरांच्या पाया पडले, आणि सवयीनं नानांचा हात त्यांच्या डोक्यावर गेला. मग साहेब काचेच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले. “बाहेर खुर्चीसुद्धा नव्हती गं,” नाना मला सांगत होते. “पोरासारखा उभा होता बिचारा, काचेतून दिसत होता.” समितीतले दुसरे गृहस्थ म्हणाले, किती वेळ ताटकळत ठेवायचं साहेबांना? बस्स. कपातला चहा निवायच्या आत पगारवाढ मंजूर झाली, साहेबांना आत बोलावून पेढा भरवला. प्रश्न नानांच्या तोंडातच राहिला. कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

थोड्याच दिवसांत तानाजी आला. हाही नानांचाच विद्यार्थी, आटपाडीचा, त्याच कारखान्यात भट्टीवर कामाला. घरची डाळिंबं घेऊन आला होता. म्हणाला, “सर, आमची वाढ काय झाली न्हाई. साहेबांची लय झाली. पोरं शिव्या देत्यात. पर मी त्यास्नी सांगितलं, कमिटीत आमचं सर हायती. सरांनी केलंय म्हंजी इचार करूनच केलं आसंल.”

नाना पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो गेल्यावर मी डाळिंब सोलून पुढं ठेवलं, त्यांनी ते बाजूला सरकवलं. “मला लाज वाटते, सूनबाई. माझं नाव बघून तो गप्प बसलाय. आणि मी त्याला खरं काय ते सांगूही शकलो नाही.”

साहेबांच्या पगाराला शेअरवाल्यांची मंजुरी लागते, म्हणून तो ठराव वार्षिक सभेपुढं आला. माझ्या नावावर थोडे शेअर होते, मीही गेले. कामगारांनाही थोडे मिळाले होते, तानाजी मागं बसला होता. सगळ्यांच्या मांडीवर बटाटेवड्याचं पाकीट. ठराव वाचून झाला आणि नाना उठले.

“या पगाराला मी हो म्हटलं,” ते म्हणाले. “का म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. मी एकही प्रश्न विचारला नाही. मला भीड पडली. माझ्या नावावर विसंबू नका. हात वर करण्याआधी तुम्ही विचारा.”

मला वाटलं, आता कुणीतरी उठणार! उठले ते साहेबच. सावकाश आले, भर सभेत वाकून पाया पडले आणि माइकवर म्हणाले, “एवढा मोठा माणूस आणि केवढा हा विनय! असे गुरू लाभायला भाग्य लागतं.” हॉलभर टाळ्या. त्या टाळ्यांतच ठराव मताला टाकला, हात वर झाले, मंजूर. आणि नानांचा हात? तो तर आधीच साहेबांच्या डोक्यावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. “मी माझी लाज सांगितली गं,” एवढंच म्हणाले, “आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.” त्यानंतर ते कंपनीच्या कचेरीवरून जाणारा रस्ता टाळत. मंडईला जायचं तरी लांबून वळसा घालत.

नाना गेले तेव्हा शोकसभेत साहेबांनी नेमका तोच प्रसंग सांगितला. बोलताना ते रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हेच तर वाईट. लोक डोळे पुसत होते. मला मात्र मान वर करवेना.

बाहेर चपला घालताना तानाजी जवळ आला. “वैनी, सर त्या दिवशी खरंच बोलत व्हतं न्हवं?”

“हो भाऊजी. खरंच बोलत होते.”

त्यानं चपलेत पाय सरकवला. मग म्हणाला, “मला तवाच कळलं व्हतं. पर माझा बी हात वर गेला. साहेब समोर बगत व्हतं, खाली कसा ठेवायचा?”