टेबलाकडे न मागितलेला टाइमआउट

ती मॅच मी घ्यायलाच नको होती. शाळेच्या मुलींचा बास्केटबॉलचा उपांत्य सामना, आणि एका संघाचा प्रशिक्षक माझा तीस वर्षांपासूनचा दोस्त. पण ठरलेला रेफरी आजारी पडला आणि आयोजक म्हणाले, "तुम्हीच घ्या हो, घरचंच आहे." घरचंच! मलाही नाही म्हणता येत नाही, हा जुनाच रोग.

दोन सेकंद उरले असताना दोस्ताच्या विरुद्ध संघातल्या मुलींनी बास्केट केली आणि एका गुणाने पुढे गेल्या. दोस्ताने जागेवरूनच हातांनी टाइमआउटची खूण केली. माझ्याकडे बघून! आम्ही एका संघात खेळायचो तेव्हा मी कप्तान होतो, तो अशीच खूण करायचा आणि पुढचं मी बघायचो. सवय, दुसरं काय. पण टाइमआउट मागायचा असतो टेबलाकडे, गुणलेखक बसतो तिथे जाऊन. रेफरीकडे मागितलेला धरत नाहीत.

मी खूण पाहिली आणि खेळ चालू ठेवला. त्याच्या मुलींनी घाईघाईत बॉल आत घेतला, लांबून भिरकावला, तो हुकला, बझर वाजला.

झालं! पालक मैदानात. "अहो पंच, चष्म्याचं दुकान दाखवू का?" मी टेबलाशी गेलो. गुणलेखक म्हणून बसलेल्या कॉलेजच्या मुलीला विचारलं, "तुझ्याकडे कोणी टाइमआउट मागायला आलं होतं?" ती घाबरून म्हणाली, "नाही सर, कोणीच नाही." दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून सांगितलं, निकाल कायम.

दोस्त हळूच म्हणाला, "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं." खोटं कशाला बोलू?

"बरं." एवढंच. मग वळून पालकांवरच ओरडला, "चूक माझी आहे. रेफरीला कोणी काही बोलायचं नाही!"

त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडलो असतो आणि मग चहाला गेलो असतो. तो रडणाऱ्या मुलींच्या बाटल्या गोळा करत बसला. मी हाक मारली, त्याने मान वर केली नाही.

दोन महिने झाले. फोन उचलतो, "जरा गडबडीत आहे" म्हणतो, ठेवतो. रविवारी सकाळी दोघं जायचो त्या मैदानावर आता मी एकटाच जातो, बाकावर बसतो, परत येतो. फार एकटं वाटतं, लपवायचं काय त्यात.

रेफरीच्या परीक्षेला मी बसलो होतो, तेव्हा हाच नियम त्याने माझ्याकडून घोकून घेतला होता. मी बरोबर होतो हे अख्ख्या पुण्यात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. आणि तोच माझ्याशी बोलत नाही.